सर्व्हरच्या कामानुसार अॅन्सिबलमध्ये अटी लिहिताना

अॅन्सिबलचं (बरेच सर्व्हर एकाच जागेवरून सेट करणारं साधन) एकच प्लेबुक, म्हणजे कामांची फाइल, वेब सर्व्हरवरही चालवायचं आणि डेटाबेसवरही, तर कुठे काय करायचं हे ठरवणारी अट लागते. ती होस्टनेमवर, म्हणजे मशिनच्या नावावर, कधीच बेतू नका. ‘नावात वेब असेल तर एनजिनएक्स टाका’ (एनजिनएक्स म्हणजे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर) असं लिहिलंत आणि उद्या ‘वेबमेल’ नावाचं मशिन आलं, की तिथेही एनजिनएक्स बसेल. सर्व्हरचं काम इन्व्हेंटरीत (सर्व्हरांच्या यादीत) ग्रुप म्हणून नोंदवा आणि अट त्या ग्रुपवर ठेवा.

टास्कखाली (प्लेबुकमधल्या एका कामाखाली) अटीसाठीच्या व्हेनच्या ओळीत लिहायचं: 'वेब' इन ग्रुप_नेम्स. (फाइलमध्ये हे सगळं अर्थातच इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत.) पूर्ण अटीभोवती दुहेरी अवतरणचिन्हं हवीतच, ओळ एकेरी अवतरणाने सुरू झाली की यॅमल (प्लेबुक लिहायचं फॉरमॅट) तिथेच अडतं. दुहेरी महिरपी कंस मात्र नकोत, व्हेनमधला मजकूर आधीच जिंजा (अॅन्सिबलची टेम्प्लेट भाषा) एक्स्प्रेशन समजला जातो.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे ग्रुप_नेम्सऐवजी नुसतं ग्रुप्स लिहिणं. ग्रुप_नेम्समध्ये चालू होस्टचेच ग्रुप असतात, तर ग्रुप्समध्ये अख्खी इन्व्हेंटरी. त्यामुळे वेब नावाचा ग्रुप कुठेही असला की अट प्रत्येक मशिनवर खरी ठरते. एरर येत नाही, डेटाबेस सर्व्हरवर निमूटपणे एनजिनएक्स चढतं.

फक्त पोर्ट किंवा मेमरीचा आकडा बदलत असेल तर अट लिहूच नका, तो आकडा ग्रुप_व्हार्समध्ये (ग्रुपनुसार व्हॅल्यू ठेवायच्या फाइलींत) ठेवा. एक होस्ट डीबी आणि वेब अशा एकाच पातळीवरच्या दोन ग्रुपांत असेल आणि दोन्हीकडे तेच व्हेरिएबल असेल, तर वर्णानुक्रमे नंतर येणाऱ्या वेबची व्हॅल्यू टिकते. हा क्रम बदलायला अॅन्सिबल_ग्रुप_प्रायॉरिटी आहे. ती मुळात 1 असते आणि इन्व्हेंटरीतच द्यावी लागते. ग्रुप_व्हार्समध्ये लिहून उपयोग नाही.

अट खोटी ठरली की टास्क वगळला जातो, आधी केलेलं काम पुसलं जात नाही. सर्व्हर वेब ग्रुपमधून काढला तरी एनजिनएक्स चालूच राहतं आणि पोर्ट 80 उघडं राहतं. त्यासाठी ‘नॉट इन’ची उलट अट लावून सर्व्हिस बंद करणारा आणि पॅकेज काढण्यासाठी स्टेट अॅब्सेंट ठेवणारा असे वेगळे टास्क लिहा. वगळलेल्या टास्कचा निकाल साठवणारं रजिस्टर व्हेरिएबलही तयार होतंच, म्हणून पुढे ‘इज डिफाइन्ड’ तपासू नका, ‘इज नॉट स्किप्ड’ तपासा.

कोणत्याच ग्रुपमध्ये न टाकलेल्या सर्व्हरवर (‘नॉट इन’वाले सोडून) ग्रुपची अट असलेले सगळे टास्क वगळले जातात आणि रन तरीही यशस्वी दिसतो. म्हणून सुरुवातीलाच असर्ट (अट खोटी असेल तर टास्क फेल करणारी तपासणी) ठेवा: ग्रुप_नेम्स आणि तुमची मान्य यादी यांचा इंटरसेक्ट (दोन्हींत असलेले ग्रुप) काढून त्याची लांबी 0 पेक्षा जास्त आहे का ते बघा. ‘ग्रुप_नेम्स रिकामी आहे का’ ही तपासणी इथे पुरत नाही, कारण अशा होस्टला अनग्रुप्ड हा ग्रुप आपोआप मिळतो.

खऱ्या रनआधी चेक (बदल न करता चाचणी) आणि डिफ (काय बदलेल ते दाखवणारा) हे दोन्ही पर्याय लावून चालवा आणि ‘स्किपिंग’च्या ओळी होस्टनुसार वाचा. लिस्ट-होस्ट्सवर (फक्त होस्टची यादी दाखवणाऱ्या पर्यायावर) विसंबू नका, तो व्हेनच्या अटी तपासतच नाही.