डिस्ने नंतर, आधी वाटाणा: ॲनिमेशनचा इतिहास घरी हाताने कसा शिकायचा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीला ॲनिमेशनचा इतिहास शिकवायला बसलो आणि दहा मिनिटांत ती मोबाईलवर दुसरंच काहीतरी बघायला लागली, चूक माझीच, कारण नावं आणि सालं पाठ करून ॲनिमेशन कळत नाही. मग ठरवलं की या जुन्या लोकांनी जे जे केलं ते आपणच करून बघायचं. फोन, टेबललॅम्प आणि पुण्यातल्या एबीसी म्हणजे अप्पा बळवंत चौकातून आणलेले पाचपन्नास रुपयांचे कागद, बास.

सुरुवात फाळक्यांपासून करा, डिस्नेपासून नाही. 1912 मध्ये इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आल्यावर सिनेमाला पैसे मिळवायचे होते, तर दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा लावला, रोप वाढताना रोज थोडं थोडं शूट केलं आणि ती फिल्म दाखवून पैसे उभे केले, 'राजा हरिश्चंद्र' त्याच्या नंतरचा. आपण काय करायचं, वाळलेले वाटाणे रात्रभर भिजवून कुंडीत पेरायचे (थंडीतच, उन्हाळ्यात सरळ मटकीला मोड आणा, दोन दिवसांत काम होतं), फोन स्टँडला घट्ट बांधायचा आणि दर अर्ध्या तासाने एक फोटो. दिवसाचे 12 तास धरले तर 24 फोटो, दहा दिवसांत 240, फोटो जोडून फिल्म करणाऱ्या ॲपमध्ये सेकंदाला 12 लावले की 20 सेकंदांची फिल्म. फोकस आणि एक्सपोजर लॉक करायला विसरू नका, नाहीतर सगळी फिल्म लुकलुकते, आणि खिडकीतल्या उजेडाच्या भरवशावर राहू नका, पडदा लावून लॅम्पच वापरा. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा काय, तर तेवढे फोटो सोडून द्या, रोप जरा उडी मारल्यासारखं दिसेल एवढंच. आमच्याकडे सहाव्या दिवशी आईने पाणी घालताना कुंडी फिरवली, तेव्हापासून कुंडीभोवती खडूने गोल काढतो आणि कुंडीवर पण एक खूण करतो.

मग काड्यापेटी. फाळक्यांची 1915 ची 'आगकाड्यांची मौज' ही काड्या हलवून केलेली फिल्म आहे ना, तसं करायला काळा कार्डपेपर, पुस्तकांच्या दोन थप्प्या, त्यावर फोन पालथा, आणि पंखा बंद! हे पंख्याचं कोणी सांगत नाही. काडी एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच सरकवा, लहान पोरं हमखास बोटभर सरकवतात आणि मग म्हणतात झटके बसतायत.

आता चित्रं. एमिल कोल या फ्रेंच माणसाने 1908 मध्ये 'फँटास्मागोरी' साठी साधारण 700 चित्रं काढली आणि प्रत्येक चित्र दोनदा शूट केलं, म्हणजे मेहनत निम्मी. चित्रं पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची, पण निगेटिव्ह वापरल्यामुळे पडद्यावर फळ्यावर खडूने काढल्यासारखी दिसतात. तेव्हा सेकंदाला साधारण 16 फ्रेम धरल्या तर दोनदा शूट करून 8 चित्रं होतात, म्हणून आपण ॲप सेकंदाला 8 वर ठेवायचं, 24 चित्रांत 3 सेकंद, आणि शेवटी रंग उलटे करायचे. कागद हलू नये म्हणून ऑफिसातल्या पंचिंग मशीनने सगळ्यांना भोकं पाडा आणि पुठ्ठ्यावर दोन पेन्सिलीचे तुकडे उभे चिकटवून त्यात अडकवा.

विन्सर मॅके हा अमेरिकन चित्रकार इथेच कळतो. 1914 च्या त्याच्या 'गर्टी' फिल्ममध्ये डायनासोरच्या मागचे डोंगर, झाड, तळं सगळं प्रत्येक कागदावर परत परत काढलंय, हजारो कागद, मागची चित्रं गिरवायला मदतीला एक पोरगा होता तरी. तुम्ही मागे एक साधी पर्वती टेकडी काढून बारा कागदांवर गिरवून बघा, हात दुखला की मग अर्ल हर्ड या दुसऱ्या अमेरिकन माणसाने त्याच वर्षी पारदर्शक सेल्युलॉइडच्या शीटच्या पेटंटसाठी अर्ज का केला ते आपोआप समजतं, पार्श्वभूमी एकदाच काढायची आणि वरची शीट बदलत राहायची. पुढचा सगळा कार्टूनचा धंदा या शीटवर उभा राहिला.

माझी सगळ्यात लाडकी म्हणजे लोटे रायनिगर. जर्मन बाई, काळ्या कागदाच्या बाहुल्या कात्रीने कापून 1926 मध्ये अख्खा सिनेमा केला, आणि काचेचे थर एकावर एक ठेवून जवळचं-लांबचं अंतर दाखवायची तिची पद्धत डिस्नेच्या मल्टिप्लेन म्हणजे तशाच थरांच्या कॅमेऱ्याच्या दहा-अकरा वर्षं आधीची, पण नाव कोणाला माहीत नाही. काचेचा टीपॉय, काचेवर बटर पेपर, खाली लॅम्प, वरून फोन. बाहुलीचा दंड, मनगटापर्यंतचा हात आणि पंजा वेगळे कापा, सांध्यात पातळ तार घाला. सावल्यांचं हे काम आपल्याला काही परकं नाही, कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर लोकांच्या चामड्याच्या बाहुल्या आहेतच.

आणि पुण्यातच राहता तर हेही सांगा पोरांना, की 1933 मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनी कोल्हापूरहून इथे आली आणि 1934 मध्ये इथेच 'जंबू काका' हे कार्टून झालं. ज्या जागेवर ते झालं तिथे 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, लॉ कॉलेज रोडवरून रोज जातो आपण.

हे सगळं झालं की मग डिस्ने लावा. भाचीने लावला तेव्हा गोष्ट सोडून पहिल्यांदा मागची झाडंच बघत होती, हलतायत की तीच आहेत ते.

वाटाण्याचं रोप मात्र टाकू नका, आमच्या रोपाला सात शेंगा आल्या.