वरूडहून बिलं जाईनात तेव्हा

आंबिया बहाराची तोड सुरू झाली आणि आमच्या शेतकरी कंपनीची संत्र्याची बिलं व्यापाऱ्यांकडे पोचेनाशी झाली. अध्यक्ष काका रोज विचारत, "बिल धाडलं का गा?" मी धाडलेलंच असायचं. कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर पोस्टफिक्स आहे, म्हणजे मेल धाडणारा प्रोग्रॅम. लॉग उघडला तर ओळीमागून ओळ एकच: पोर्ट २५, कनेक्शन टाइम्ड आउट. मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे जायचं हे दार साध्या ब्रॉडबँडवर बहुतेकदा बंदच ठेवतात. उघडून मिळालं असतं तरी आयपी पत्ता बदलता, त्या पत्त्यावरून आमचं नाव सांगणारी रिव्हर्स डीएनएस नोंद नाही. मेल स्पॅममध्येच गेली असती.

म्हणून रिले, म्हणजे आपली मेल त्यांच्या सर्व्हरवरून पुढे धाडणारी सेवा, घ्यायचं ठरवलं. आधी मोजणी केली. तोडीच्या दिवसांतही रोज ६० मेल, म्हणजे लहान प्लॅन पुरे. रिलेनं फक्त जाणारी मेल सुटते. येणारी आमची आधीच दुसरीकडे येते. मला खरी काळजी वेगळीच होती: मजकूर तिसऱ्याच्या सर्व्हरवरून जाणार. म्हणून संचालकांना विचारलं आणि शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक बिलातून काढले. हे मी कुणालाही आधी करायला सांगेन.

मग पोस्टफिक्सला रिले जोडला: पोर्ट ५८७, टीएलएस (वाटेत मजकूर कूटबद्ध), युजरनेम-पासवर्ड. मेल निघाली, पण एसपीएफ नापास. एसपीएफ म्हणजे आमच्या नावानं कोणते सर्व्हर मेल धाडू शकतात, ती डोमेनवरची नोंद. दोन तास गेले. डोमेनवर एक एसपीएफ नोंद आधीच होती, मी दुसरी टाकली होती. दोन असल्या की तपासणीच चुकते. रिलेचे सर्व्हर चालतील असं सांगणारा 'इन्क्लूड' जुन्याच नोंदीत घातला, डीकेआयएमची, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीची, चावी जोडली. संध्याकाळी लाइन आली तेव्हा जीमेलमध्ये मूळ संदेश उघडून पाहिला: दोन्ही पास.