रेटिनाच्या फोटोतून ल्युकेमिया: थिसिसचा विषय घेण्याआधी

नेत्ररोगाला नुकतेच लागलेले ज्युनियर आणि इंजिनिअरिंगची मुलं हल्ली एकच विचारतात, "सर, फंडस फोटोवरून ल्युकेमिया ओळखणारं मॉडेल करायचंय, विषय घेऊ का?" म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, रेटिनाच्या फोटोवरून रक्ताचा कॅन्सर ओळखणारं कॉम्प्युटर मॉडेल. घ्या. नागपुरात पेशंट कमी पडणार नाहीत. विदर्भ तर आहेच, छिंदवाडा-बालाघाटचे लोकही इथेच येतात. पण पहिला फोटो काढायच्या आधी ठरवा, तुलना कुणाशी करणार?

माझा सगळ्यात जास्त वेळ या एका प्रश्नाने खाल्ला. फुगलेल्या नागमोडी शिरा, ज्योतीसारखे रक्तस्राव, कॉटन वूल स्पॉट म्हणजे कापसासारखे पांढुरके डाग, हे सगळं तुम्हाला पाठ असेल. मध्ये पांढरा ठिपका असलेला रक्तस्राव, म्हणजे रॉथ स्पॉट, दिसला की तर नवखा माणूस हरखूनच जातो. पण तो पांढरा ठिपका बरेचदा नुसती फायब्रिन-प्लेटलेटची गुठळी असते. एंडोकार्डायटिसमध्ये (हृदयाच्या आतल्या अस्तराला सूज) तो दिसतो, डायबेटिसमध्ये दिसतो, रक्त फार कमी झालं तरी दिसतो. ल्युकेमियातले बहुतेक रक्तस्रावसुद्धा हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट घसरल्यामुळे होतात. मग एका बाजूला कॅन्सर वॉर्ड आणि दुसऱ्या बाजूला चष्म्याचा नंबर काढायला आलेले धडधाकट लोक ठेवलेत, तर मॉडेल शिकेल ॲनिमिया, आणि नाव लागेल ल्युकेमियाचं. तुलनेत तीव्र ॲनिमियाचे पेशंट हवेत, पावसाळ्यानंतरचे प्लेटलेट उतरलेले डेंग्यूचे हवेत, आणि आपल्याकडे सिकलसेलचेही (लाल पेशी कोयत्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार) हवेतच. सिकलसेलच्या खुणा बहुतेक रेटिनाच्या कडेला असतात, ४५ अंशांच्या कॅमेऱ्यात त्या येतच नाहीत; तिथे इनडायरेक्टने (डोक्यावर लावायचा ऑफ्थॅल्मोस्कोप) स्वतः बघावं लागतं.

याच सापळ्याचा दुसरा पदर म्हणजे कॅमेरा. वॉर्डातले फोटो हातातल्या कॅमेऱ्याने आणि ओपीडीतले टेबलावरच्या कॅमेऱ्याने काढले, तर मॉडेल कॅमेरा ओळखतं. तपासणी सोपी आहे. रेटिनाचा भाग काळा करा, फक्त फोटोच्या कडा दाखवा. तरीही ते बरोबर उत्तर देत असेल तर सगळं काम पुन्हा करा. एका पेशंटचे दोन्ही डोळे ट्रेनिंगमध्ये तरी असावेत किंवा टेस्टमध्ये तरी, वाटून टाकू नका.

फोटोच्या दिवशीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारा रिपोर्ट, जोडलेला नसेल तर तो फोटो माझ्या लेखी निरुपयोगी. रक्त किंवा प्लेटलेट चढवण्याआधीचा की नंतरचा, तेही लिहा. नेटवरून उतरवलेल्या डेटासेटवर घरी बसून थिसिस करणं मला पटत नाही. ज्याने तो पेशंट पाहिलाच नाही त्याला चूक कशी दिसणार? को-गाइड मात्र पॅथॉलॉजीतला घ्या, रोज स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) मायक्रोस्कोपखाली बघणारा. मोठ्या नावाच्या गाइडपेक्षा तो जास्त शिकवतो.

वॉर्डात घाई करू नका. बाहुली मोठी करणारे थेंब टाकण्याआधी तिथल्या डॉक्टरांना विचारा आणि वेळ फाइलवर लिहा, नाहीतर रात्री बाहुल्या तपासणारा रेसिडेंट मेंदूत रक्तस्राव झाला की काय म्हणून धावपळ करेल. प्लेटलेट कमी असतील तर डोळ्यावर दाब देऊन रेटिनाच्या कडा बघायचा हट्ट नको. मुलाची आई विचारेल, "साहेब, फोटोत कॅन्सर दिसते का?" नाही म्हणून स्पष्ट सांगा: निदान रक्ताच्या आणि बोन मॅरोच्या तपासणीवर होतं, आपण आजाराचा डोळ्यावर काय परिणाम झाला ते बघतोय.

हे वाचून धीर सोडू नका. मॉडेल नाही जमलं आणि नीट टिपलेले, सीबीसी जोडलेले थोडेच फोटो हाती राहिले, तरी ते खरं काम आहे. आणि एखाद्या फोटोत ऑप्टिक डिस्क (डोळ्याची नस रेटिनात दिसते तो गोल भाग) सुजलेली दिसली तर डेटासेट बाजूला ठेवा, त्याच मिनिटाला हिमॅटॉलॉजीला (रक्तविकार विभागाला) फोन करा. आजार डोळ्याच्या नसेमध्ये किंवा मेंदूच्या आवरणात शिरलेला असू शकतो, आणि उपचाराला उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही.