कॉर्कची मूठ: गोंद उघडण्याआधीची तयारी

मासे गरवायचा रॉड स्वतः बांधायचा ठरवला की लक्ष आधी ब्लँककडे (रॉडच्या नुसत्या काठीकडे) आणि गाईडवरच्या (दोरी ओवायच्या कड्यांवरच्या) रंगीत दोऱ्याकडे जातं. मुठीचं नंतर बघू, असं म्हटलं जातं. पण दोरा मनासारखा बसला नाही तर ब्लेडने कापून पुन्हा गुंडाळता येतो. इपॉक्सीने बसलेली मूठ मात्र कॉर्क फोडूनच काढावी लागते. म्हणून ही यादी मुठीची आहे, आणि त्यातही चिकटवायच्या आधीच्या कामांची जास्त. उदाहरणाला एकच रॉड धरला आहे: खाडीत तिवरांच्या कडेने जिताडा, तांबोशी गरवायला लागतो तसा सात फुटी स्पिनिंग रॉड. ब्लँक कार्बनचा, मूठ खऱ्या कॉर्कची.

सर्वात आधी लागतं ते माप, आणि ते दुसऱ्याच्या रॉडवरून घेऊ नका. रीलचा पाय बहुतेक जण मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यात धरतात. तुम्ही धरता तसा धरा, कोपर काटकोनात वाकवा आणि बेचक्यापासून कोपरापर्यंतचं अंतर कोणाला तरी टेपने मोजायला सांगा. बोटीत किंवा कयाकमध्ये बसून टाकणार असाल तर मूठ कोपराच्या अलीकडे संपलेली बरी. लांब राहिली तर दर फेकीला लाइफ जॅकेटला अडकते. धक्क्यावर उभं राहून दोन्ही हातांनी टाकायची सवय असेल तर कोपराच्या मागे तीन-चार बोटं जाऊ द्या. जिताडा गळाला लागला की थेट मुळांत किंवा खांबांत शिरायला बघतो, आणि त्याला तिथून वळवताना मुठीचा शेपटाकडचा भाग हाताला बगलेशी दाबून धरावा लागतो. तेवढी लांबी हवीच. दुकानातल्या रॉडची मूठ सरासरी हाताला बसेल अशी केलेली असते. तुमचा हात सरासरी असेल तर एवढी खटपट न करता दुकानातलाच रॉड घ्यावा, तो स्वस्तही पडतो.

माप कागदावर उतरलं की लगेच कॉर्क कापू नका, आधी खोटी मूठ करा. एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो उभा चिरून ब्लँकवर बसवा, वर मास्किंग टेप गुंडाळा आणि रील सीटच्या (रील ज्यात अडकवतात त्या भागाच्या) जागी रील टेपनेच घट्ट बांधा. गाईडसुद्धा टेपने तात्पुरते लावून दोरी ओवा, टोकाला फक्त वजन अडकवा आणि मैदानात किंवा गच्चीवर हळू हळू टाकून बघा. एकाच बैठकीत निकाल लावू नका, दुसऱ्या दिवशी हात ताजा असताना पुन्हा टाका. रील अर्धा इंच पुढे-मागे सरकवलं तरी टोकाकडचा जडपणा बदलतो, आणि तो बदल मनगटालाच कळतो. ज्या जागी टाकताना रीलची आठवणच होत नाही, ती जागा खरी. तिथे ब्लँकवर पांढऱ्या पेन्सिलने खूण करा.

ब्लँक हातात आहे तोवर आणखी दोन खुणा करून घ्या. जाड टोक गुळगुळीत फरशीवर टेकवा, बारीक टोक तळहातावर ठेवून मधे हलकेच दाबा आणि गोल फिरवा. एका बाजूला तो आपोआप ठरून बसतो. तिला बांधणारे स्पाइन म्हणतात. दुसरी खूण सरळपणाची. ब्लँक डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम घेतला की बहुतेक ब्लँक थोडे वाकलेले दिसतात. स्पाइनवर गाईड लावावेत की वाकाच्या हिशेबाने, यावर बांधणाऱ्यांत कायमचा वाद आहे. मी वाकाच्या बाजूने आहे: वाक वर किंवा खाली जाईल असा ब्लँक धरतो, म्हणजे रॉड नेम घेताना तरी सरळ दिसतो. तुम्ही काहीही निवडा, पण रील सीट चिकटवण्याआधी निवडा.

आता कॉर्क. मुठीसाठी तो रिंगांच्या रूपात येतो: साधारण सव्वा इंच व्यास, अर्धा इंच जाडी, मधे पाव इंचाचं भोक. रिंगांची संख्या काढायला लांबीच्या इंचांची दुप्पट करा आणि वर तीन-चार रिंगा जास्त घ्या, कारण तोंडं घासताना आणि दाबताना थोडी लांबी जाते आणि एखादी रिंग आतून पोकळ निघतेच. हा माल आपल्याकडचा नाही. कॉर्क-ओक भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडचं झाड, आणि जगातला निम्म्याच्या आसपास कॉर्क एकटा पोर्तुगाल पिकवतो. झाड साधारण २५ वर्षांचं झालं की पहिली साल काढतात, मग दर ९ वर्षांनी. पहिल्या दोन वेळची साल खडबडीत निघते, त्यामुळे चांगल्या बुचाच्या लायकीची साल हाती येईपर्यंत झाडाने चाळिशी ओलांडलेली असते. सोललेल्या खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगाने लिहून ठेवतात, म्हणजे पुढची पाळी कधी ते कळतं. एवढी वाट बघून आलेल्या सालीतली स्वच्छ रिंग महाग असणारच.

महाग आहे म्हणून चांगली आहे, असं मात्र नाही. पाकिटावर ए, डबल ए, फ्लोर असं काहीबाही छापलेलं असतं. एका विक्रेत्याचा डबल ए दुसऱ्याचा ए असतो. रिंग उजेडात फिरवा आणि नखाने दाबा. एकसारख्या तपकिरी रंगाचे गुळगुळीत ठिपके दिसले तर ते खड्डे कारखान्यातच लांबी (पुट्टी) भरून बुजवलेले आहेत. घासताना किंवा खाऱ्या पाण्यात चार फेऱ्या झाल्यावर ती लांबी सुटते. असली रिंग फेकू नका, जिथे हात कमी जातो तिथे लावा. सर्वात स्वच्छ रिंगा रील सीटच्या लगतच्या तीन-चार जागांसाठी वेगळ्या काढा. दोन्ही टोकांना मात्र नैसर्गिक कॉर्क नको. कॉर्कचे कण आणि रबर मिसळून दाबलेल्या, चट्ट्यापट्ट्याच्या कडक रिंगा मिळतात, त्यातली एकेक लावा. बोटीच्या काठाला आपटून पहिली चेपते ती टोकाची कडाच. रिंगा टेबलावर ओळीने मांडा, एकीची चीर दुसरीच्या चिरेसमोर येणार नाही अशा फिरवा आणि मागे पेनाने क्रमांक टाका.

रिंगा एकमेकींना चिकटवायला पाणी लागून न सुटणारा लाकडाचा गोंद घ्या, फेव्हिकॉल मरीन चालतो. इथे इपॉक्सी वापरायचा मोह टाळा. ते कॉर्कपेक्षा फार कडक होतं; घासताना मऊ कॉर्क खाली जातो, चिकटवलेली रेष वर राहते आणि तळहाताला अर्ध्या-अर्ध्या इंचावर वळ जाणवतात. गोंदही पातळ थरानेच लावायचा, हेच कारण. दाबायला पाव इंची आटे पाडलेली सळई, दोन्ही बाजूंना जाड लाकडी चकत्या, वॉशर आणि पंखांचे नट एवढं पुरतं. सळईवर आधी मेणबत्ती घासा, नाहीतर मूठ सळईसकट कायमची तुमची होते. नट हाताने आवळा, पाना घेऊन नको. कॉर्क दबतो आणि दाब काढल्यावर गोंदाची रेष ताणली जाते. पावसाळ्यात कोकणात रात्रभर हा हिशेब विसरा, दोन दिवस राहू द्या.

आकार द्यायला लेथ असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही. ड्रिल मशीन टेबलाला शिकंज्याने बांधा, सळईचं एक टोक त्यात आणि दुसरं टोक लाकडाच्या ठोकळ्यातल्या भोकात, तिथे तेलाचा थेंब. मशीन कमी वेगाचं हवं. सँडपेपरचे ६०, १२०, २२० आणि ३२० नंबरचे कागद दोन बोटं रुंद पट्ट्यांत कापून ठेवा. कागद दोन्ही हातांत धरून पुढे-मागे चालता ठेवायचा, एका जागी थांबला की खळगा पडतो. नंबर बदलताना आधीची धूळ ब्रशने झाडा, नाहीतर जाड कागदाचा एखादा खडा कॉर्कमध्ये रुतून शेवटपर्यंत ओरखडे काढत बसतो. मास्क हवाच. हा भुसा इतका हलका असतो की खाली बसायचं नावच घेत नाही. थोडा भुसा मात्र झाकणाच्या डबीत जमवा, लागणार आहे.

आकार नजरेवर सोडू नका. पुठ्ठ्यावर मुठीचा अर्धा आराखडा काढून कापा आणि मुठीला लावून उजेड कुठून येतो ते बघत चला. वर्निअर कॅलिपर जवळ असू द्या. रील सीटला टेकणारं तोंड सीटच्या बाहेरच्या व्यासाइतकंच हवं, पायरी राहिली तर अंगठा दिवसभर तिथेच घासतो. तिथून मागे मूठ किंचित बारीक होऊन शेपटाकडे पुन्हा भरली की ओल्या हातातून निसटत नाही. बाजारात हल्ली अंगभर बोटांचे खळगे पाडलेल्या मुठी दिसतात. फोटोत छान दिसतात, पण हात जरा सरकवला की प्रत्येक खळगा चुकीच्या बोटाखाली येतो. साधी मूठ करा. शेवटचा एक मिलिमीटर १२० च्या पुढच्या कागदांसाठी राखा.

भोक मोठं करणं हे कंटाळवाणं काम आहे आणि घाई नेमकी इथेच होते. रिंगेचं भोक पाव इंच, ब्लँकचं बूड त्याच्या जवळपास दुप्पट, आणि ब्लँक निमुळता. म्हणजे भोकही निमुळतंच हवं. गोल कानस सुरुवातीला चालते. पुढे तुटक्या जुन्या रॉडच्या बुडाचा तुकडा घ्या, त्यावर दुतर्फा टेपने ६० नंबरचा कागद तिरका गुंडाळत न्या. असा घासणा विकत मिळणाऱ्यापेक्षा चांगला, कारण त्याचा उतार ब्लँकच्या उताराशी जुळतो. हाताने फिरवा, मशीनला लावू नका. चार वळसे झाले की काढून ब्लँकवर चढवून बघा. मूठ खुणेच्या अर्धा इंच अलीकडे हलकेच अडली की थांबा. त्याहून घट्ट ठेवली तर चढवताना सगळं इपॉक्सी खरवडून वर येईल आणि कॉर्क चिरेल.

आता क्रम. भाग ब्लँकच्या बारीक टोकाकडून सरकत खाली येतात, म्हणून आधी मागची मूठ, मग रील सीट, मग मुठीचा सीटपुढचा छोटा तुकडा. कागदावर लिहून समोर चिकटवा. हात चिकट झाल्यावर माणसाला साध्या गोष्टी आठवत नाहीत. रील सीट आणि ब्लँक यांच्यामधली पोकळी भरायला अनेक जण मास्किंग टेपचे वळे गुंडाळतात. गोड्या पाण्याला ठीक आहे. तिथेही वळ्यांमध्ये फटी ठेवा, म्हणजे इपॉक्सी ब्लँकपर्यंत पोचेल. खाडीच्या रॉडला मी कागदी टेप लावणार नाही, कुठून तरी पाणी शिरलं की कागद कुजतो आणि सीट फिरू लागते. ही पोकळी भरायला फोमच्या कडक तयार नळ्या, म्हणजे आर्बर, मिळतात, ते घासून बसवा. सीट घेतानाही तिच्या धातूच्या टोप्या गंज न धरणाऱ्या आहेत ना ते बघून घ्या.

चिकटवण्याच्या दिवशी टेबलावर काय काय हवं: सावकाश आवळणारं दोन नळ्यांचं इपॉक्सी (साधं अराल्डाइट चालेल, पाच मिनिटांत आवळणारं नको), मोजायला छोटा काटा, आइस्क्रीमच्या काड्या, हातमोजे, जुनी वर्तमानपत्रं, सुती फडकी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. ब्लँकचा मुठीखाली जाणारा भाग २२० च्या कागदाने नुसता निस्तेज करा, चमक गेली की पुरे, कार्बनचे तंतू उघडे पडता कामा नयेत. त्याच्या पुढे मास्किंग टेप लावा. पुसून झाल्यावर तिथे बोट लावू नका. मग इपॉक्सीशिवाय एकदा सगळं चढवा, रील बसवा, ओळ बघा, उतरवा. उन्हाळ्यात भर दुपारी इपॉक्सी लवकर आवळतं, म्हणून सकाळची वेळ धरा. मुसळधार पावसाचा दिवस तर सरळ टाळा, दमट हवेत त्याच्यावर चिकट दुधाळ थर येतो.

मूठ फिरवत फिरवत खाली आणायची, म्हणजे इपॉक्सी सगळीकडे पसरतं. बाहेर आलेलं लगेच अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. सीट बसली की तिच्यात रील अडकवून नेम घ्या, ती खुणेच्या रेषेत आहे ना ते बघा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा, कारण ओलं असताना ती हळूच फिरते. मग रॉड एक पूर्ण दिवस उभा ठेवायचा. वाकवून बघायचा नाही.

राहिले खड्डे. डबीतला कॉर्कचा भुसा त्याच लाकडाच्या गोंदात कालवून भरा, वाळल्यावर ३२० ने हाताने घासा. वर वार्निश चढवू नका. कॉर्कच्या पेशींत हवा असते आणि त्यांच्या भिंतींत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ, त्यामुळे पाणी आत सहसा जात नाही आणि ओला कॉर्क हाताला उलट अधिक धरतो. वार्निशने ती पकड जाते. खाडीवरून आल्यावर गोड्या पाण्याने धुतलं, मळ चढला तर भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश लावला, एवढं बास. उरलेला भुसा त्याच डबीत, क्रमांक टाकलेल्या जास्तीच्या रिंगांबरोबर ठेवा. दोन मोसमांनी टोक चेपलं की दुरुस्तीला त्याच कॉर्कचा माल हाताशी असेल.