क्यूबी शेवटच्या मिनिटांत टिकतो का, हे बघायचं कसं

क्यूबी म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, टीमचा पास टाकणारा मुख्य खेळाडू. त्याला स्कोअर बघून मार्क द्यायची सवय आधी सोडा. जिंकला की शेर आणि हरला की फुसका, एवढंच ठरवायचं असेल तर हायलाइट्स पुरेत, त्यासाठी सोमवारी पहाटे पाचला अलार्म लावून सुपर बोल, म्हणजे त्यांची फायनल, कशाला बघायची.

मी चौथ्या क्वार्टरची शेवटची पाच मिनिटं परत लावतो, तीही फरक आठ पॉइंटपर्यंत, म्हणजे एका स्कोअरने भरून निघेल एवढाच असेल तरच, आणि नजर बॉलवर नाही तर क्यूबीवर ठेवतो. दर प्लेला एकच विचारायचं, आत्ता सगळ्यात महागात काय पडेल आणि ते ह्याने टाळलं का?

हे महाग प्रकरण दर वेळी वेगळं असतं, तिथेच बहुतेक लोक गंडतात. फेब्रुवारी २०१७ चा सुपर बोल घ्या, फाल्कन्स विरुद्ध पॅट्रियट्स. फाल्कन्सची २८-३ लीड गेली हे सगळ्यांना पाठ आहे, पण २८-२० असताना, पाचेक मिनिटं उरलेली, फाल्कन्सच्या ज्युलिओ जोन्सने भन्नाट कॅच घेऊन बॉल पॅट्रियट्सच्या २२ यार्डवर आणून ठेवला होता. तिथून साधा फील्ड गोल (किक मारून मिळणारे ३ पॉइंट) बसला असता तरी लीड ११ ची, म्हणजे पॅट्रियट्सचा क्यूबी ब्रेडीला दोनदा स्कोअर करावा लागला असता. पास चुकला तरी चालेल, बॉल बाहेर भिरकावला तरी चालेल, फक्त सॅक नको, म्हणजे पास टाकण्याआधीच मागे पाडलं जायला नको. आणि फाल्कन्सचा क्यूबी मॅट रायन नेमका सॅक झाला, १२ यार्ड गेले, मग होल्डिंगच्या फाउलचे आणखी १०, शेवटी पंट, म्हणजे लाथेने बॉल समोरच्या टीमला देऊन टाकणं. तिथे पास खेळायला सांगणाऱ्या कोचलाही शिव्या घाला, माझी हरकत नाही, पण बॉल धरून बसला तो रायनच.

मागे असलेल्या क्यूबीचं गणित उलटं, तिथे घड्याळ बघायचं. जानेवारी २०२२ मध्ये बिल्सविरुद्ध तीन पॉइंटने मागे असताना चीफ्सचा क्यूबी महोम्सकडे १३ सेकंद होते, त्याने दोन पासमध्ये ४४ यार्ड काढले, दोन्हीनंतर टाइमआऊट, आणि ४९ यार्डची किक बसून ३६-३६. लांब, हिरोगिरीचा थ्रो एकही नाही! ओव्हरटाइममध्ये टॉस हरल्यावर, तेव्हाच्या नियमाने चीफ्सच्या पहिल्याच टचडाउनला मॅच संपली आणि बिल्सचा क्यूबी जॉश ॲलनला बॉल मिळालाच नाही, मग त्या हारीचे मार्क त्याचे कापायचे? मी तरी नाही कापत.

नशीब वेगळं लिहून ठेवा. २००८ च्या सुपर बोलमध्ये जायंट्सचा क्यूबी एलाय मॅनिंगचा पास त्याच्याच टीमच्या टायरीने हेल्मेटला दाबून धरला, सगळे तोच दाखवतात, पण त्याच्या आदल्याच प्लेला मॅनिंगचा बॉल समोरच्या टीमच्या असांते सॅम्युएलच्या हाताला लागून सुटला होता. तो पकडला असता तर मॅच तिथेच संपली असती. माझ्या वहीत असा थ्रो इंटरसेप्शनच (समोरच्याने पकडलेला पास) धरला जातो, डिफेन्डरने सोडला तरी.

काउबॉइजचा क्यूबी टोनी रोमोचं तर अजूनच वाईट, जानेवारी २००७ मध्ये सिएटलला त्याच्या हातून बॉल निसटला तेव्हा तो किकसाठी होल्डर (बॉल जमिनीवर धरून ठेवणारा) होता, त्या प्लेला क्यूबी म्हणून खेळतच नव्हता, तरी दबावात फुटतो हा शिक्का बसला तो बसलाच.

राहिला कमबॅकचा आकडा, म्हणजे मागे पडून किती मॅच जिंकल्या तो. कमबॅक करायला आधी मागे पडावं लागतं, तिसऱ्या क्वार्टरलाच २० ने पुढे असणाऱ्याच्या नावावर तो कुठून येणार. म्हणून एका मॅचवर काही ठरवू नका, असे दहा-पंधरा ड्राइव्ह (बॉल हातात असतानाचे सलग प्ले) बघा, आणि शक्यतो आपल्या आवडत्या टीमपासून सुरुवात करू नका.