डोळ्यांना दिसलेली झळाळी फोटोत का उतरत नाही? या चुका टाळा

पाण्यात निळाजांभळा चमकणारा जीव फोटोत राखाडी आला की आपण लेन्सला दोष देतो. पण हा रंग रंगद्रव्याचा नसतोच. सॅफिरिना हा काही मिलिमीटरचा कोपेपॉड (कोळंबीच्या कुळातला इवलासा समुद्री जीव) घ्या. नराच्या पाठीत ग्वानिनच्या अतिशय पातळ स्फटिकांचे थर असतात आणि थरांमधल्या अंतरावर परत फिरणारा रंग ठरतो. जीव जरा कलला की झगझगीत निळा क्षणात काचेसारखा पारदर्शक होतो. म्हणून आधी प्रकाशाचा कोन बघायचा, बाकी सगळं नंतर.

कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश

सर्वाधिक फोटो इथेच वाया जातात. समोरून टाकलेला प्रकाश टाकीच्या काचेवरून थेट लेन्समध्ये परततो आणि पाण्यातला प्रत्येक कण उजळतो. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा, हातात घेऊन बाजूने फिरवा, दर दोन-तीन फ्रेमनंतर जागा बदला. एका जिवाला मानवलेला कोन दुसऱ्याला चालेलच असं नाही. कोम्ब जेलीच्या (जेलीफिशसारख्या पारदर्शक समुद्री जिवाच्या) आठ पट्ट्यांवर धावणारे रंग हलणाऱ्या केसलांवरून (केसांसारख्या सूक्ष्म तंतूंवरून) प्रकाश विखुरल्यामुळे दिसतात; तिथे बाजूने, किंचित मागून येणारा तिरपा प्रकाश आणि काळी पार्श्वभूमी हवी. (फोटोखाली ‘स्वयंप्रकाशी रंग’ असं कृपया लिहू नका. अनेक कोम्ब जेली अंधारात खरोखर उजळतात, पण तो प्रकाश निळा-हिरवा असतो, इंद्रधनुषी नव्हे.)

मोठा डिफ्यूझरही (प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) घात करतो. मॅक्रोत, म्हणजे अगदी जवळून फोटो काढताना, त्याची सवय झालेली असते, पण चहूबाजूंनी आलेल्या प्रकाशात वेगवेगळ्या कोनांचे रंग एकमेकांत मिसळून फिके पडतात. चकाकी फारच बोचत असेल तर ट्रेसिंग पेपरचा एकच थर पुरे.

एक्स्पोजर (फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते) कॅमेऱ्याच्या मीटरवर सोडणं

पार्श्वभूमी काळी, चमकणारा भाग टाचणीच्या टोकाएवढा. मीटर काळं बघून एक्स्पोजर वाढवतो, निळा चॅनेल जळतो आणि उरतो पांढरा ठिपका. एक्स्पोजर एक-दोन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) कमी ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्या आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही चॅनेलचा वेगवेगळा तपासा. उडालेला रंग नंतर सॅच्युरेशन वाढवून परत येत नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको.

लेन्सचं छिद्र (ॲपर्चर; एफचा आकडा मोठा तितकं बारीक) फार बारीक करू नका: १:१ वर, म्हणजे सेन्सरवर जीव खऱ्या आकाराचा उमटतो तेव्हा, एफ/१६ म्हणजे प्रत्यक्षात जवळपास एफ/३२, आणि तिथे बारकावे पुसट होतात. पोलरायझर (चकाकी कापणारा फिरता फिल्टर) लावलाच तर फिरवून बघा; तो काचेवरच्या चकाकीबरोबर हवा तो रंगही खाऊ शकतो.

जिवंत, हलत्या जिवाचं फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम जोडून एक फोटो करणं) मला पटत नाही. प्रत्येक फ्रेममध्ये रंग वेगळा असतो, आणि जोडून तयार होतो तो त्या जिवावर कधी नव्हताच. त्यापेक्षा एका चांगल्या फ्रेमसाठी शंभर घ्या.

मात्र थोड्याशा पाण्यात दिव्याची उष्णता पटकन चढते. जीव मंदावला की दिवा लगेच बंद करा आणि त्याला जिथून आणलं तिथेच परत सोडा.