थायरॉइडच्या पसरलेल्या कर्करोगासाठी डेन्ड्रायटिक पेशींची लस : होकार देण्यापूर्वी काय करावे

यवतमाळ किंवा गडचिरोलीच्या एखाद्या गावात थायरॉइडचा कर्करोग फुप्फुसात वा हाडांत पसरल्याचे कळले, की ‘स्वतःच्याच रक्तातून लस करून देतात’ असे कोणीतरी सांगतो आणि घरात वावर विकण्याचा विषय निघतो. त्याआधी बायोप्सीच्या अहवालात कर्करोगाचा प्रकार पाहावा. पॅपिलरी व फॉलिक्युलर प्रकारांत किरणोत्सारी आयोडीन आणि त्याचा उपयोग होईनासा झाल्यास लेनव्हॅटिनिब किंवा सोराफेनिब ही औषधे आहेत. मेड्युलरी प्रकारात आरईटी जनुकाची, तर ॲनाप्लास्टिक प्रकारात बीआरएएफ जनुकाची तपासणी विनाविलंब करून घ्यावी, कारण औषध त्यावरून ठरते. हे सोडून लस घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या तपासण्यांसाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयातून पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, मागून घ्यावा आणि नागपूरला नेताना उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये.

डेन्ड्रायटिक पेशी या रोगप्रतिकारक पेशी असून त्या शत्रूची ओळख टी-पेशींना, म्हणजे हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, पटवून देतात. त्यांच्या शोधासाठी राल्फ स्टाइनमन यांना 2011 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. लस करताना रुग्णाच्या रक्तातील मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वेगळे काढून प्रयोगशाळेत सुमारे आठवडाभर वाढवतात, त्यांना गाठीचा अर्क किंवा कॅल्सिटोनिनसारख्या (मेड्युलरी गाठीतून रक्तात येणाऱ्या) प्रथिनाचे तुकडे देतात आणि तयार झालेल्या पेशी काही आठवड्यांच्या अंतराने टोचतात. मेड्युलरी प्रकारावर जर्मनी व ऑस्ट्रियात असे प्रयोग झाले आणि काही रुग्णांना लाभ दिसला. परंतु रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे आयुष्य वाढते असे त्यावरून म्हणता येत नाही.

म्हणून ही लस केवळ नोंदणीकृत चाचणीतच घ्यावी. डॉक्टरांकडून सीटीआरआयचा, म्हणजे भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागावा आणि त्या संकेतस्थळावर चाचणी कोणत्या कर्करोगासाठी आहे, हे शिकलेल्या मुलाकडून वा भाच्याकडून वाचून घ्यावे. संमतिपत्र मराठीतच मागावे, घरी आणून चारचौघांत वाचावे आणि मगच सही करावी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च रुग्णावर टाकता येत नाही. तेव्हा प्रत्येक डोसासाठी लाखांचा आकडा सांगितला गेला, तर कागदावर सही न करता तो आकडा लेखी मागावा आणि तो कागद सेवाग्राम किंवा नागपूरच्या कर्करोगतज्ज्ञांना दाखवावा.

चाचणीत प्रवेश मिळाल्यास चालू असलेल्या स्टेरॉइडची माहिती आवर्जून द्यावी, कारण ते लसीचा परिणाम दाबू शकते. थायरॉक्सिनची गोळी स्वतःहून बंद करू नये. मेड्युलरी प्रकारात कॅल्सिटोनिन व सीईए (रक्तातील कर्करोगाच्या खुणा) दर वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासावे, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. डोसानंतर ताप येऊ शकतो. मात्र श्वास घेताना घरघर होत असेल किंवा पाणीही गिळता येत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णाला तातडीने जिल्हा रुग्णालयात न्यावे.